तिश्रीचे सण भारतात करायचे, तर कुठे?



उन्हाळा सरत आला की आपल्या मंडळींत एकच विषय निघतो. "यंदा इंडियाला जाणार काय?" आणि जाणार असे उत्तर आले की लगेच पुढचा प्रश्न, "मग सण कुठे करणार?" कामावरची रजा, मुलांच्या शाळेची सुट्टी आणि भारतातले लग्नकार्य ह्या तिन्हींचा मेळ बहुतेक घरांत तिश्री महिन्यातच बसतो, कारण इस्रायलात त्या दिवसांत निम्मे कामकाज तसेही थंड असते. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांचा रोश हशाना, किप्पूर नाहीतर सुक्कोत प्रवासात येतो. तिकीट काढताना सामान किती किलो नेता येईल ह्याची चौकशी आपण दहा वेळा करतो, पण किप्पूरच्या संध्याकाळी कोणत्या सिनेगॉगमध्ये उभे राहायचे, हे मात्र तिथे पोहोचल्यावर बघू म्हणतो. ह्या विषयावर लिहावे, असे काही सभासदांनी सुचविले, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट पंचांगाची. आपले महिने चंद्राचे आणि हिंदू महिनेही चंद्राचे. दोघेही अधिक महिना घालून ऋतूंशी जमवून घेतात. त्यामुळे रोश हशाना नेहमी अमावास्येच्या आसपासच येतो, आणि बहुतेक वर्षी तो एकतर गणपतीच्या तोंडावर पडतो, नाहीतर घटस्थापनेच्या आसपास. 2023 साली रोश हशाना 16 सप्टेंबरला होता व गणेश चतुर्थी 19 ला. 2024 साली रोश हशाना आणि घटस्थापना दोन्ही 3 ऑक्टोबरला आले, किप्पूर व दसरा दोन्ही 12 ऑक्टोबरला. 2025 सालीही किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला होते. (2020 साली अश्विन अधिक होता, तेव्हा हा हिशेब चुकला होता, पण ते वर्ष कोणाच्याच हिशेबात बसले नाही.) आपल्या पूर्वजांना ही जोडी ठाऊक होती. पुरीमला त्यांनी "होळीचा सण" म्हटले, ते उगाच नव्हे. दोन्ही पौर्णिमेच्या आसपासचे.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. 2026 सालचेच उदाहरण घ्या. रोश हशानाचे दोन दिवस शनिवार 12 व रविवार 13 सप्टेंबर, आणि गणेश चतुर्थी सोमवार 14 सप्टेंबर. ज्याला रोश हशानाला अलिबाग गाठायचे आहे, त्याने शुक्रवारी मुंबईहून निघायचे म्हणजे गावी गणपतीला निघालेल्या सगळ्या चाकरमान्यांबरोबर निघायचे. पनवेल, पेण, वडखळ हा रस्ता त्या दिवसांत कसा असतो, हे ज्याने पाहिले आहे तो सांगेल. सूर्यास्त मुंबईकडे तेव्हा पावणेसातच्या सुमारास होतो. पेणजवळ गाडीत अडकून किद्दूशची वेळ झाली, तर काय करणार? त्याच वर्षी सुक्कोतची पहिली रात्र शुक्रवार 25 सप्टेंबरची, म्हणजे नेमकी अनंत चतुर्दशीची. मुंबईतले निम्मे रस्ते विसर्जनासाठी बंद. तेव्हा त्या रात्री ज्याला सुक्कामध्ये बसायचे आहे, त्याने दुपारीच सिनेगॉगच्या जवळ पोहोचलेले बरे. आणि ढोल-ताशांत प्रार्थना करायची सवय मोडली असेल, तर मनाची तयारी ठेवावी. आपले वाडवडील शे-दोनशे वर्षे ह्याच आवाजात "शेमा" म्हणत आले आहेत.

दुसरी गोष्ट दिवसांची. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना ती मुळीच ठाऊक नसते. आपण इस्रायलात सुक्कोत, पेसाह व शावुओत ह्यांचा मुख्य दिवस एकच पाळतो. बाहेर दोन पाळतात. पूर्वी यरुशलायममध्ये चंद्र पाहिल्याची साक्ष घेऊन महिना ठरे, आणि तिथून निघालेले जासूद लांबच्या गावांत सणाआधी पोहोचत नसत. म्हणून लांबच्या लोकांनी खात्रीसाठी दोन दिवस धरले. पंचांग कायमचे ठरले तरी वडिलांची रीत म्हणून ते दोन दिवस राहिले. रोश हशाना महिन्याच्या पहिल्याच दिवशी येतो, तेव्हा जासुदाला निघायलाच सवड नाही, म्हणून तो खुद्द इस्रायलातही दोन दिवसांचा. किप्पूर सर्वत्र एकच दिवस, कारण दोन दिवस उपास कोण करणार!

गंमत अशी की आता आपल्याला "बाहेर" म्हणजे भारत झाला आहे. मामाच्या घरी सुक्कोतचा दुसरा दिवस चालू आणि आपला मात्र साधा दिवस. अशा वेळी सर्वसाधारण रीत अशी की, ज्याला इस्रायलात परत यायचे आहे त्याने आपली प्रार्थना आपल्या हिशेबाने करावी, पण चारचौघांत सण मोडू नये. म्हणजे दुसर्‍या दिवशी सिनेगॉगच्या दारात सिगारेट पेटवू नये, मोबाइलवर बोलत आत येऊ नये, टॅक्सीतून दारात उतरू नये. बारकावे निघण्यापूर्वी आपापल्या रब्बीला विचारून घ्यावेत, ह्या बाबतीत सर्वांचे मत एक नाही. पण यजमानांसमोर "आमच्यात हे नाही" असे म्हणणे बरे दिसत नाही. ती माणसे आहेत म्हणून तर तिथे अजून सण आहे.

ह्यातून सिमहात तोराचा मात्र फायदा होतो. आपल्याकडे तो 22 तिश्रीला, शेमिनी अत्सेरेतबरोबरच होतो. भारतात 23 ला. 2026 सालच्या हिशेबाने आपला शनिवारी 3 ऑक्टोबरला आणि मुंबईचा रविवारी 4 ऑक्टोबरला. आपला सण आदल्या दिवशी संपलेला, आणि लगेच मुंबईच्या मंडळींत सेफेर तोरा घेऊन नाचायला आपण मोकळे. ज्याला भारतात एकच सण गाठता येणार आहे आणि घरात लहान मुले आहेत, त्याने मी म्हणेन हाच गाठावा. मुलांना प्रार्थनेचे शब्द न कळले तरी हा सण कळतो.

आता ठिकाणांकडे येऊ. मुंबई म्हटले तरी मुंबईत कुठे, हा प्रश्न राहतोच. परदेशातून येणारी पाहुणे मंडळी बहुधा फोर्टातल्या केनेसेथ एलियाहूला जातात. 1884 साली ससून घराण्याने बांधलेली ही वास्तू 2019 साली दुरुस्त होऊन नव्यासारखी झाली आहे. जवळ हॉटेले आहेत, चालत जाता येते, ही तिची मोठी सोय. भायखळ्याचे मागेन डेव्हिड 1864 चे, तेही ससून ह्यांचेच. आवार मोठे, इमारत भव्य. ज्यांनी ती बांधली ती बगदादी मंडळी आता जवळजवळ उरलेली नाहीत, आणि ह्या दोन्ही ठिकाणी मिनयान भरवतात ते बहुतेक आपले बेने इस्रायलच. एकेकाळी ह्याच ठिकाणी आपल्या लोकांना बरोबरीने वागवावे की नाही ह्यावर वाद झडले होते. काळाचा महिमा, दुसरे काय.

पण ज्याला आपल्या चालीवरच्या प्रार्थना ऐकायच्या आहेत, त्याने मांडवीच्या शआर हराहमीमला जावे. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी ते स्थापन केले. मुंबईतले आपले पहिले. लष्करातला हा माणूस, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानच्या कैदेत सापडला आणि सुटून आला म्हणून त्याने हे बांधले, अशी आपल्यात परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. रस्त्याला त्याचेच नाव, सॅम्युएल स्ट्रीट. आज त्या वस्तीत आपली घरे राहिलेली नाहीत. त्यामुळे सणाला तिथे कोण असेल, हे आधी विचारूनच जायचे. त्यामानाने जेकब सर्कलची तिफेरेथ इस्रायल आणि आग्रीपाड्याची मागेन हसीदीम येथे माणसांचा राबता अधिक.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर किप्पूरसाठी ठाणे. शआर हशामाईम 1879 चे आहे आणि आज भारतात आपली सर्वांत मोठी वस्ती ठाण्यातच आहे. किप्पूरच्या दिवशी सिनेगॉग भरलेले असणे ह्याला फार महत्त्व आहे. पंचवीस माणसांत नेईला म्हणणे आणि पांढर्‍या कपड्यांनी भरलेल्या सभागृहात नेईला म्हणणे, ह्यात फरक आहे. आपल्या आज्या ह्या सणाला "दारफळणीचा सण" म्हणत. दारे लावून घरात बसायचे, बाहेरच्याला शिवायचे नाही, बोलायचे नाही. दुसर्‍या दिवशीचा "शिळा सण", म्हणजे दानधर्म आणि एकमेकांकडे भेटीला जाणे. ठाण्यात नातेवाईक असतील तर हा शिळा सण अजून साधतो. आपल्याकडे इस्रायलात किप्पूर सुटला की दुसर्‍या दिवशी सगळे कामावर, कोण कोणाकडे जातो? प्रार्थना संपल्यावर होणारी हातबोशीही मुलांना तिथेच दाखवावी. समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि मग आपली बोटे ओठांना लावायची. अनोळखी माणसे रांगेने येऊन आपले हात हातात घेतात, ह्याने आपली तरुण मुले पहिल्यांदा चक्रावतात आणि मग त्यांना ते आवडते.

वयस्कर माणसांना बरोबर नेणार्‍यांनी मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ जुन्या सिनेगॉगमध्ये स्त्रियांची जागा वर सज्जात असते आणि जिना चढावा लागतो. आणि किप्पूर ऑक्टोबरमध्ये आला की मुंबईचा तो दमट उकाडा. इस्रायलच्या कोरड्या हवेची आणि एअरकंडिशनची सवय झालेल्यांना पाण्याशिवायचा दिवस तिथे जड जातो. साखरेचे व रक्तदाबाचे औषध घेणार्‍यांनी डॉक्टरांना आणि रब्बीला, दोघांनाही, घरून निघण्याआधीच विचारावे. आणखी एक, मुलांना सांगून ठेवा की भारतात उपास इथल्यापेक्षा सुमारे अडीच तास आधी सुटतो. आई-वडिलांनी उपास सोडल्याबरोबर फोन लावला, तर इथे किप्पूर अजून चालूच असतो. फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही, आणि तिकडे उगाच काळजी.

पुण्याला ज्यांची माणसे आहेत त्यांना लाल देवळाचे काय सांगावे! ओहेल डेव्हिड, 1867, डेव्हिड ससून ह्यांची कबर त्याच आवारात आहे. पण आपल्या लोकांचे खरे घर रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो, 1921 चे. हवा मुंबईहून बरी, वस्ती आटोपशीर, लोक अगत्याचे. कोची सहलीला उत्तम, 1568 चे परदेशी सिनेगॉग पाहावेच. मात्र तिथे दहा पुरुष जमतील ह्या भरवशावर सण ठरवू नये. अहमदाबादचे मागेन अब्राहम आणि दिल्लीचे जुडा हयाम हॉल, त्या बाजूला जाणार्‍यांनी ध्यानात ठेवावे.

राहिले कोकण. आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

आपल्या आडनावांतली गावे आठवा. पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. ह्या गावांत आता आपली घरे कुठे एखाददुसरे, कुठे मुळीच नाही. पण सिनेगॉग उभी आहेत. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ 1848 सालचे, पनवेलचे बेथ एल 1849 चे, शिवाय रेवदंडा, पेण, अष्टमी, पोयनाड. एखादे काका हातात किल्ली घेऊन सकाळी दार उघडतात, झाडून घेतात, नेर तामीद पाहतात. सण आला की मुंबई-ठाण्याहून कोणी येते का, ह्याकडे त्यांचे लक्ष. भारतात आपण आता सगळे मिळून चार-पाच हजार उरलो आहोत, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. गावात सात-आठ पुरुष असले आणि दहावा नसला, तर सेफेर तोरा बाहेर काढता येत नाही, कद्दीश म्हणता येत नाही. घरी बसून जेवढे म्हणता येते तेवढे म्हणायचे, झाले.

अशा ठिकाणी इस्रायलहून बाप आणि दोन मोठे मुलगे येऊन उभे राहिले, तर काय होते हे सांगायला नको. फोर्टात आपण गेलो काय आणि न गेलो काय, सण होणारच आहे. गावात आपल्यामुळे होतो. हा हिशेब मी अनेक घरांत मांडून पाहिला आहे. स्त्रियांचे त्यावर म्हणणे असे पडते की, "मिनयान होईल हो, पण स्वयंपाक कोण करणार, राहायचे कुठे?" म्हणणे खरे आहे. गावातल्या दोन म्हातार्‍या माणसांवर सहा पाहुण्यांचे ओझे टाकणे हा काही सण नव्हे. म्हणून मध्यम मार्ग मला असा दिसतो. रोश हशाना आणि किप्पूर शहरात करावे. गाव ठेवावे सुक्कोतच्या मधल्या दिवसांसाठी, होल हामोएदला. त्या दिवसांत प्रवास करता येतो, स्वयंपाक करता येतो, पाऊसही ओसरलेला असतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून गाडीसह नेणारी रो-रो बोट आहे, तिने गेल्यास महामार्गाची कटकट वाचते. आठवड्यात सोमवारी व गुरुवारी तोरा वाचतात, सुक्कोतच्या मधल्या दिवसांत तर रोजच. तेव्हा आपली दहा माणसे जमवून गावच्या सिनेगॉगमध्ये सकाळची प्रार्थना करावी. किल्लीवाल्या काकांना आठवडाभर आधी कळवावे. त्यांच्यासाठी इथून एखादे नवे सिद्दूर न्यावे. मिठाईपेक्षा ते त्यांना जास्त हवे असते.

त्याच फेरीत नवगावचे कबरस्तान आणि खंडाळ्याचा एलियाहू हनबीचा टापा होतो. (हे खंडाळे अलिबागजवळचे, घाटावरचे खंडाळा नव्हे. गाडीवाल्याला दोनदा सांगा.) मलिद्याचा नवस तिथे फेडायचा असेल, तर पोहे, नारळ व पाच फळे अलिबागच्या बाजारात मिळतात. मात्र कबरींवर जाणे होल हामोएदला टाळतात. वडिलांच्या कबरीवर जायचे असेल, तर ते एलुल महिन्यात, रोश हशानाआधीच उरकावे. केवळ एवढ्यासाठी चार दिवस लवकर निघणारी घरे मला ठाऊक आहेत, आणि मला ते योग्य वाटते.

आता नातवंडांविषयी. लष्करातून सुटले की पाठीवर पिशवी टाकून मुले भारतात जातात. धरमकोट, पुष्कर, गोवा. तिथे खबादची घरे आहेत, सण मोठ्या थाटात होतो, शेकडो इस्रायली मुले एका मांडवाखाली जेवतात. आजीचा आग्रह, "सणाला मामाकडे ठाण्याला जा." नातू म्हणतो, "मी कोणाला ओळखत नाही." ह्यावरून घरोघरी रुसवेफुगवे होतात. मला वाटते, सक्ती करू नये. एकवीस वर्षांच्या मुलाने परमुलखात किप्पूरचा उपास आपण होऊन धरला, हीच मोठी गोष्ट आहे. मग तो डोंगरावर का असेना. पण त्याच्याकडून एवढे कबूल करून घ्यावे की, परतीचे विमान धरण्यापूर्वी एक शब्बाथ मामाकडे. शुक्रवारी रात्री मामी मटणात नारळाचे दूध घालून रस्सा करील, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश होईल आणि हजान आपल्या आजोबांच्या चालीत म्हणेल. पुढचे त्याचे तो बघेल.

निघण्यापूर्वीच्या काही कामाच्या गोष्टी. 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगच्या दारात पोलीस असतात आणि अनोळखी माणसाला ओळखपत्र विचारतात. शब्बाथला पासपोर्ट खिशात घालून रस्त्याने जाता येत नाही, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन मुकादमांना भेटावे, तोंडओळख करून घ्यावी. 2026 सालच्या रोश हशानाला हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पहिला दिवस शब्बाथ आहे. त्या दिवशी शोफारही वाजत नाही. ज्याला दोनांपैकी एकाच दिवशी जमणार असेल, त्याने रविवार धरावा. हॉटेलात खोली घेताना खालच्या मजल्याची मागावी आणि दाराला साधी किल्ली आहे की कार्ड, हे विचारावे. कार्डाचे कुलूप सणाच्या दिवशी उघडता येत नाही आणि दर खेपेला नोकराला बोलवावे लागते. मांसासाठी शोहेत कोण आहे, हे सिनेगॉगमध्येच कळते. नाहीतर खवले-पर असलेली मासळी आणि भाजी-भात, त्यावर कोणी उपाशी राहिलेला नाही. चिकाचा हलवा मागण्याची लाज बाळगू नका, पण निदान चार दिवस आधी सांगा. गहू भिजवून चीक काढायला वेळ लागतो, आणि तो ढवळत बसणारे हात आता तिथेही थोडेच आहेत.

पेसाहला जाणार्‍यांसाठी दोनच शब्द. तिथे तो आठ दिवसांचा. आपल्या हिशेबाने सातव्या दिवशी सुटला, तरी आठव्या दिवशी मामाच्या घरात पाव आणू नये. मात्सा इथून नेता आली तर न्यावी, दोन पेट्या जास्तच. खजुराचा शिरा तिथला खावा.

कोणत्या सिनेगॉगमध्ये यंदा सणाची प्रार्थना नक्की होणार आहे, ह्याची विचारपूस तिकडच्या नातेवाइकांकडून एलुल लागताच करून ठेवावी. ज्या सभासदांची कोकणात सुक्कोतला जाण्याची इच्छा आहे त्यांनी आपली नावे, पुरुष किती हे लिहून, मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावीत. तीन-चार घरे एकाच आठवड्यात निघाली, तर दहा जण इथूनच होतात.